मॅडमच्या सेवापुस्तकातला लाल शेरा

मॅडमना माणसं मोजायची खोड होती. वर्गातली मुलं सगळेच शिक्षक मोजतात. मॅडम लग्नाच्या पंगतीत बसल्या की पंगत मोजायच्या, एसटीत चढल्या की एसटी मोजायच्या आणि कंडक्टरला सांगायच्या, "भाऊ, एक्कावन्न आहेत. तुमचे किती भरले?" बरं, मोजणं नुसतं डोळ्यांनी नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन बोटं टेकवत पुढे सरकायचं. तलाठ्याच्या टकलावर, सरपंचाच्या टोपीवर, एकदा तर मांडवात बसलेल्या नवरदेवाच्या बाशिंगावर. नवरदेव दचकला. मॅडम म्हणाल्या, "बस बस, तू सत्तावीस."

एका वर्षी शाळेची सहल इटियाडोहच्या धरणावर गेली. जाताना बेचाळीस मुलं होती. परत निघताना मॅडमनी गाडीत डोकी मोजली, तर त्रेचाळीस भरली. पुन्हा मोजली. त्रेचाळीस. सहलीत एखादं मूल कमी भरलं तर मुख्याध्यापकाचं काय होतं ते मला माहीत होतं. जास्त भरलं तर काय करायचं याचं परिपत्रक कुठेच नव्हतं. शेवटी मधल्या बाकावर, चौथीच्या दोन मुलींच्या मध्ये, पदरात आमच्याच पुऱ्या घेऊन बसलेली एक सत्तरीची आजी सापडली. छत्तीसगडहून देवदर्शनाला आलेल्या जत्थ्यातून ती चुकली होती. मॅडमनी पोरांना हात धरून रांगेत चालायला लावलं, तेव्हा तिनेही एकीचा हात धरला होता. मी तिला खाली उतरायला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. मॅडमकडे बोट दाखवून म्हणाली, "ए बाई हा मोला गिन डारिस, अब मैं कहां जाहूं?"

या बाईने मला मोजलं, आता मी कुठे जाऊ? मॅडमना हा मुद्दा एकदम पटला. "बरोबर आहे ना गुरुजी. मोजलं म्हंजे आपलं." गाडी मागे वळवली, जत्थ्याची बस शोधून काढली, आजीला तिच्या माणसांत चढवलं आणि उतरता उतरता ती बसही मोजून दिली.

गुरुजी म्हणजे मी. सालेकसा तालुक्यात जंगलाला खेटून असलेल्या एका गावात आमची चौथीपर्यंतची सरकारी शाळा होती. शिक्षक दोन. एक मी, मुख्याध्यापक, दुसऱ्या त्या. गावात लहानथोर सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणायचो. अकरा वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं. मॅडम गेल्या महिन्यात वारल्या. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक शेरा आहे, सबंध नोकरीतला एकुलता एक. तो खोटा आहे, आणि तो माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे पडला. ते वाक्य दुरुस्त करायला मी बसलो आहे. वीस वर्षं उशीर झाला. पण मॅडमविषयी लिहायला घेतलं की आधी हसू येतं आणि हात थांबतो, त्याला माझा इलाज नाही.

त्यांची धाकटी लेक झाली तेव्हाची गोष्ट घ्या. रजा संपली, घरी बाळाला बघायला कोणी नाही, नवरा धानाच्या शेतावर. मॅडमनी दुसरीच्या वर्गात वाशाला लुगड्याचा झोका बांधला आणि दोरी पहिल्या रांगेतल्या मुलांच्या हातात दिली. पाढ्यांच्या तालावर झोका हलायचा. पोरगी मोठी वस्ताद. दोनपासून बारापर्यंत टक्क जागी, तेराच्या पाढ्याला डोळे जड व्हायचे, 'तेरा सक अठ्ठ्याहत्तर'ला मान कलायची. पाढा संपला की मॅडम ओठांवर बोट ठेवायच्या आणि सगळा वर्ग श्वास रोखून लेखनाला लागायचा. त्या तुकडीचा तेराचा पाढा आजही लोखंडासारखा पक्का आहे. चौदाचा एकालाही येत नाही.

घरीसुद्धा शाळा सुटलेली नसायची. दोन्ही मुली जेवताना भात हवा असला की हात वर करायच्या. त्यांचे वडील फार कमी बोलणारे. शेतावरून येऊन ओसरीत पाय धूत असले की आतून मॅडम त्यांचं नाव पुकारायच्या आणि ते खाली मान घालून म्हणायचे, "हजर." संसारात दोघांचं एवढंच संभाषण मी ऐकलं, पण त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "चुकायचं तर मोठ्यानं चुका पोट्टे हो, मले ऐकू आलं पाहिजे." त्यामुळे त्यांच्या वर्गातून चुकीची उत्तरं अशा दणक्यात यायची की रस्त्याने जाणारे बैल बुजायचे. माझ्या वर्गात शांतता होती. तपासणीला येणारे माझ्या शांततेचं कौतुक करायचे.

शाळा सुटली की त्या गावाच्या. पोलिओची लस, रक्तदानाचं शिबिर, बायकांचा बचत गट, कुणाच्या सुनेला दवाखान्यात पोहोचवणं, सगळीकडे मॅडमची खडखडती मोपेड. हागणदारीमुक्तीचे दिवस आले तेव्हा पहाटे नाल्याकडे टमरेल घेऊन निघालेल्या माणसांना समजावायचं काम सरकारने शिक्षकांवर टाकलं. इतर गावांत म्हणे गुलाबाचं फूल द्यायचे. मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून सतराचा पाढा म्हणायला लावायच्या. "म्हण आणि जा. अडवून नाही राहिली मी." त्या अवस्थेत सतराचा पाढा कोणाला येतो? पंधरा दिवसांत गावातल्या अर्ध्या घरांनी संडासाचे खड्डे खणले. अडवलेल्यांत गावातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. त्यात कोण कोण होतं याच्या तपशिलात मी जात नाही. मी तेव्हा गावातच भाड्याने राहत होतो, एवढंच सांगतो.

त्यांच्या पर्समध्ये सुईदोरा, शिट्टी, मुरमुऱ्यांची पुडी आणि नेलकटर कायम असायचं. आणि नेलकटरपासूनच माझ्या गोष्टीला सुरुवात होते.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवे अधिकारी तपासणीला आले. साहेबांनी डाव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं, चांगलं दीड पेर. हजेरीपटावरून ते नख फिरवत फिरवत ते मॅडमच्या वर्गात चुका काढत होते. नेमका त्याच तासाला मॅडमनी 'आपले शरीर स्वच्छ ठेवूया' शिकवलं होतं. पहिलीतली एक चिमुरडी उठली आणि ओरडली, "मॅडम, साहेबाचं नख!"

दुसरं कोणी असतं तर पोरीला गप्प केलं असतं. मॅडमनी पर्स उघडली. "साहेब, हात द्या."

साहेबांना वाटलं काहीतरी कागद देताहेत. त्यांनी हात पुढे केला. कटकन आवाज झाला. नख उडून थेट हजेरीपटावर पडलं, आणि वर्गातल्या सगळ्या मुलांनी अशा टाळ्या वाजवल्या की साहेबांनाही क्षणभर वाटलं आपला सत्कारच होतो आहे. पण त्या क्षणानंतरचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

पुढे मार्च उजाडला. आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, घरदार टोपल्या घेऊन वेचायला जातं, आणि मग ती फुलं तीन-चार दिवस अंगणात वाळत घालतात. मोठी माणसं परत जंगलात जातात आणि वाळवण राखायला पोरं घरी बसतात. शाळेत बेचाळीसपैकी अकरा मुलं. वार्षिक परीक्षा तोंडावर. मी कपाळाला हात लावून बसायचो. मॅडम घरोघर फिरायच्या. बिरजाबाई म्हणून एक बाई होती, तिची तिसरीतली पोरगी महिनाभर शाळेत आली नव्हती. मीही त्या दिवशी मॅडमसोबत होतो.

"पोट्टीले पाठवू तर फुलं कोन राखन जी?" बिरजाबाई म्हणाली. "बकऱ्या खाऊन टाकतेत."

"मंग पोट्टी एकटी काऊन पाठवतेस? फुलं बी पाठव," मॅडम म्हणाल्या.

बिरजाबाई हसायला लागली. मॅडम हसत नव्हत्या. वाटेत त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, शाळेच्या मैदानात वाळवू द्या ना. पोट्टे फुलं राखतीन, मी पोट्टे राखीन."

आणि मी हो म्हणालो. हे मला इथे ठळक लिहायचं आहे. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. नुसता हो म्हणालो नाही, मला ती कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मीच चुन्याची बादली घेऊन मैदानावर चौकटी आखल्या. एका घराला एक चौकट. सगळा गाव बघत उभा होता.

काय ते दिवस होते! पट भरला. दर तासाला दोन पहारेकरी, हातात काठी, तोंडात मॅडमची शिट्टी. बकरी दिसली की शिट्टी, शिट्टी वाजली की अख्खी शाळा बकरीमागे, आणि बकरी गेली की सगळे धापा टाकत परत गणिताला. ओली फुलं तोलायची, वाळली की पुन्हा तोलायची, किती वजन उडालं ते काढायचं. शेकडेवारी ज्या पोरांना सात जन्मांत आली नसती त्यांना चार दिवसांत आली. गोड उग्र वास शाळेच्या भिंतींत शिरला होता. मधमाश्या परिपाठाला हजर असायच्या. एका बकरीने राष्ट्रगीत चालू असताना चौकट गाठली. सगळी शाळा सावधानमध्ये ताठ उभी, डोळे बकरीवर, आणि बकरी शांतपणे खाते आहे. त्या बावन्न सेकंदांत तिने बिरजाबाईची अर्धी चौकट साफ केली. 'भारत माता की जय' झालं आणि बकरीवर जो हल्ला झाला तसा मी आयुष्यात पाहिला नाही.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता अवकाळी पाऊस आला. आम्ही सगळे, मी, मॅडम, मुलं, टोपल्या भरभरून आत पळत सुटलो. वर्गखोल्या गळत होत्या. न गळणारी एकच खोली होती, माझं ऑफिस. भिजलेल्या फुलांचे ढीग माझ्या टेबलाखाली, कपाटासमोर, खुर्चीवर. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मध्ये रविवार गेला. बंद खोली, उकाडा, ओली मोहफुलं. पुढे काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला का सुचलं नाही, देव जाणे.

सोमवारी सकाळी साहेबांची जीप आली. मी स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. आतून जो भपकारा आला त्याने साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा खुशीत आला.

"हेडमास्तर," साहेब नाकावर रुमाल धरून म्हणाले, "ये क्या है? शाळा आहे की भट्टी?"

माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. सेवापुस्तक कोरं होतं. एकही लाल अक्षर न घेता घरी जायचं ही माझी मोठी हौस होती. मी म्हणालो, "साहेब, मला काही विचारलं नाही. हे मॅडमनी परस्पर केलं."

किल्ली माझ्या हातात होती. पायताणाला चुना होता. साहेबांना ते दिसत नव्हतं असं नाही, पण त्यांना मॅडमच हव्या होत्या. मॅडम दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, कडेवर टोपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि हजेरीला 'हजर' म्हणावं तशा स्वरात म्हणाल्या, "हो साहेब. मीच केलं. गुरुजींना माहीत नव्हतं."

शेरा असा पडला: 'शाळेच्या आवारात मद्यनिर्मितीस उपयुक्त वस्तूंचा विनापरवानगी साठा केला. सक्त ताकीद देण्यात येत आहे.' आदर्श शिक्षकासाठी त्या वर्षी त्यांचं नाव वर गेलं होतं, ते खाली आलं. पुन्हा कधी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी नेहमीप्रमाणे डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. "खा गुरुजी. हे विनापरवानगी नाही." आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यापलीकडे मला काही देता आलं नाही. वर्षभराने मी कोरं सेवापुस्तक घेऊन निवृत्त झालो, आणि निरोपाच्या भाषणात त्यांनी माझी इतकी स्तुती केली की मला घाम फुटला.

गेल्या महिन्यात तेरवीला गेलो. मांडव भरलेला. धाकटी, ती झोक्यातली, आता गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवते. तिने माझा हात धरून पुढे नेलं. "गुरुजी, दोन शब्द बोला. आईच्या पूर्ण नोकरीत एकच लाल शेरा होता, तो तेवढा सांगू नका हं. आम्ही विचारलं की ती नुसती हसायची. विचारून करायला काय जात होतं तिचं?"

मी माइकसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. चुना, कुलूप, किल्ली, ते वाक्य. संपलं तेव्हा मी माइकपासून मागे सरकलो. मग मागून बिरजाबाईचा आवाज आला. ती आता काठी टेकत चालते, आवाज मात्र तसाच.

"अवो गुरुजी, आमी का आंधळे होतो जी? चुना तुमीच टाकला ना सगळ्या गावासमोर!"

कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग सगळा मांडव. मॅडमचे मालकही उपरणं तोंडाला लावून हसत होते. मला काही समजेना.

"तुम्हाला माहीत होतं? मग कोणी बोललं काऊन नाही?"

"मॅडम त्याच सांजेले घरोघर फिरल्या ना," बिरजाबाई म्हणाली. "म्हणे, गुरुजीचं एक वरीस राहिलं, चांगल्यानं जाऊ द्या. जो तोंड उघडन त्याले सतराचा पाढा चौकात म्हणा लावीन. कोन उघडते मंग?"

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. खरं म्हणजे मला हसू आवरेना, आणि मग एकाएकी माझ्या लक्षात आलं की धाकटी हसत नाही. ती माझ्याकडे बघत होती. गावाला माहीत होतं, तिच्या वडिलांना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. वीस वर्षं ती आईच्या एका चुकीवर पांघरूण घालत आली होती, आणि ती चूक आईची नव्हतीच.

"गावानं हसून सोडलं गुरुजी, ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "पण पुस्तकात तर ते तसंच आहे ना?"

म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्या स्कूटीवर मागे बसून मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. अर्ज माझ्या हाताने लिहिला होता: मोहफुले वाळविण्यास मी स्वतः परवानगी दिली होती, अधिकाऱ्यांसमोर मी खोटे बोललो, शेरा रद्द करून तो माझ्या सेवापुस्तकात घ्यावा. टेबलावरच्या तरुण कारकुनाने तो दोनदा वाचला.

"आजोबा, बाई वारल्या. तुम्ही पंचवीस वर्षं जुने... "

"वीस," मी म्हणालो.

"वीस. आता शेरा निघून कोणाला काय भेटन?"

धाकटी म्हणाली, "मला भेटन."

त्याने तिच्याकडे पाहिलं, खणातून छापील नमुना काढला आणि माझा अर्ज त्याला टाचला. "मग ताई, तुम्हीच सही करा ना. मुलगी म्हणून केली तर लवकर सरकन. आजोबांचं यात काही नातं नाही."

नमुन्यात रकाना होता: मयत कर्मचाऱ्याशी अर्जदाराचे नाते. मी कागद माझ्याकडे ओढला, चष्मा सारखा केला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'परवानगी देणारा'.

कारकून वाकून बघत होता. "असं नातं नसते जी. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, असं काहीतरी पाहिजे."

"माझं एवढंच होतं," मी म्हणालो, "आणि तेच मी तेव्हा नाकारलं. लिहिलं तसं घ्या."

त्याने आवकचा शिक्का उचलला, पॅडवर दोनदा दाबला आणि माझ्या त्या दोन शब्दांच्या शेजारी उमटवला.